सात नंबरची सावली

मंगळवार, १० फेब्रुवारी

सगळ्यात आधी आली ती गिरणीवाली. बोलावणं नाही, निरोप नाही. कंपनीची गाडी अजून खालच्या वळणावर धूळ उडवत होती, तर ही माझ्या दारात हजर. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ, नाकाच्या शेंड्यावर पीठ. म्हटलं, बाई, तू आलीस की तुझं पोतं आलं? तर म्हणते, "मावशी, गाडी तुमच्याकडेच वळतेय. मी आपली सोबतीला आले." सोबतीला कसली, कान घेऊन आली. गिरणी तशीच घरघरत सोडून आली, लोकांच्या पिठाची पार भुकटी झाली असेल.

तर टिटवे, ही तुझी आजी लिहितेय. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात हे मला ठाऊक आहे, दुसरीपर्यंत का होईना शाळेत बसलेय मी. पण आशीर्वाद तूर्त डब्यात ठेवलाय. आधी भांडण. दोन वर्षांचं साचलंय.

गाडीतून उतरला तो शिडीवाला. तू नाही ओळखत त्याला, तू इथून गेल्यावर आलाय. सात नंबरच्या पवनचक्कीच्या, आपल्या पंख्याच्या, पोटातली शिडी दिवसातून दोनदा चढतो म्हणून नाव पडलं शिडीवाला. चाळिशीचा गडी, बोलायला मऊ. त्याच्या कोटाचं काज उसवलं होतं, वर वाऱ्यात बटण टिकत नाही म्हणाला. म्हटलं बस, हातासरशी काढून देते. सकाळचे साडेसात झाले होते. मी खिडकीशी बसले, दोरा ओवला, पहिला टाका घातला, आणि आली सवत.

तुला सांगायला नको, पहिल्या वर्षी तू स्वतः पाहिलंयस. तरी सांगते, कारण मला सांगायचंय. खिडकीसमोर सात नंबर उभा. त्याच्या पाठीमागून सूर्य वर येतो. पात्याची सावली खिडकीतून आत येते, कापडावरून सरकते, भिंतीवर चढते आणि जाते. ती जाते न जाते तोच दुसरी. मग तिसरी. कोणीतरी डोळ्यांवरून सारखा हात फिरवावा तसं, पाऊण तास. आणि काज म्हणजे काही उशीचा अभ्रा नव्हे. बोटाच्या पेराएवढ्या चिरेला केसासारखे चाळीस टाके. सुई खाली जाते उजेडात आणि वर येते अंधारात. बरं, नंतर बसावं म्हटलं तर नऊच्या पुढे सूर्य पत्र्याच्या वर चढतो आणि खोलीची गुहा होते. दुसऱ्या खिडकीला गिरणीची भिंत. दिव्याच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा मला दिसत नाही, हे वय आहे, याला कोणी काय करणार.

शिडीवाला बघत बसला होता. म्हणाला, "आजी, हे रोज असंच?"

"आता पाच-सहा आठवडे. मग ऑक्टोबरात परत पाच-सहा. मधे सूर्य सरकतो, तेवढी सुटका."

"मग थांबवायला का नाही सांगितलंत?"

"सूर्याला?"

तो हसला. "पंख्याला. आतमध्ये पेटी असते. कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या घरावर सावली पडते ते पेटीत भरून ठेवायचं. तेवढा वेळ पाती आपोआप थांबतात. बाकी दिवसभर फिरायला मोकळी. कितीतरी पंख्यांना केलंय. तुमची नात याच कामातली ना? तिला विचारा की."

गिरणीवालीने माझ्याकडे पाहिलं. मी सुईकडे पाहिलं. टिटवे, त्या वेळी माझं काय झालं असेल ते तूच ठरव. सत्तर वर्षांत मला लोकांसमोर कोणी इतकं अडाणी केलं नव्हतं.

तुला ठाऊक होतं. पेटी ठाऊक होती, खिडकी ठाऊक होती, माझे डोळे ठाऊक होते. तिकडे लांब परक्या डोंगरावर चढून परक्या बायकांच्या खिडक्यांसाठी पेट्या भरत असशील. आणि जिच्या मांडीवर बसून बटणं ओवायला शिकलीस तिच्यासाठी दोन वर्षांत दोन ओळी खरडता आल्या नाहीत. काखेत कळसा म्हणतात तो हा.

परवा शिंप्याने अकरा शर्ट परत पाठवले. काजं वाकडी. तोंडाने काही बोलला नाही, भला माणूस आहे, पण सोबत निरोप होता की, शहरात काजांचं यंत्र आलंय, महिनाअखेर बघू. "बघू" म्हणजे काय ते तुला कळतं.

बाकी सगळं ठीक. पुलाजवळ ते मोडकं पातं अजून आडवं पडलंय. जाळता येत नाही, वितळवता येत नाही, पुरायला जागा नाही. गिरणीवालीने त्याच्यावर मिरच्या वाळत घातल्यात.

तुझी (हे अजून ठरवलेलं नाही) आजी

शनिवार, १४ फेब्रुवारी

काल तुझा बाप आला होता. हातात पिशवी नाही, म्हणजे मुक्काम नाही, म्हणजे भाषण आहे, हे मी फाटकातच ओळखलं. खुर्चीत बसला आणि सुरू.

"आई, आता पुरे. माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे कुठे बसू? तुझी खिडकी समोरच्याच्या न्हाणीघरात उघडते."

"बसायचं कशाला? काम करायचंच नाही."

"मग काय करायचं?"

"आराम."

"तो मेल्यावर करणार आहे. जागा राखून ठेवलीय."

तर म्हणे आई, नेहमी उलटं बोलतेस. मार्चअखेर घर बंद करू, शिलाई मशीन विकून टाकू. शिंपीही आता काम देणार नाही. मग तू इथे एकटी करणार काय, त्या पंख्यांची घरघर ऐकत बसणार? आणि मग सुटलाच पंख्यांवर. डोंगर फोडला म्हणाला, रस्ता करताना विहिरीचं पाणी तुटलं म्हणाला, घारी कापल्या जातात, वारा पडला की आठ-आठ दिवस नुसते बुजगावण्यासारखे उभे, आणि फिरले तरी वीज जाते लांब, इथे दिवे गेले की मेणबत्तीच.

यातलं एकही खोटं नाही. घार मी स्वतः पाहिली, एका पंखाची, कुंपणाशी पडलेली. दोन रात्री डोळ्यांसमोरून हलली नाही. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझं टाळकं सटकलं. म्हटलं, पंख्यांना शिव्या मी देईन. तू द्यायच्या नाहीस. तुझा बाप कशाने गेला ते विसरलास?

तू विसरली नसशील. खालच्या कोळशाच्या वीजघरात बत्तीस वर्षं राख उपसली तुझ्या आजोबांनी. रविवारीसुद्धा उशीवर काळा डाग. शेवटी शेवटी वाटी भरून काळं थुंकायचे आणि मला म्हणायचे, "बघ, आतून चूल लिंपलीय." तू तेव्हा दहाची असशील. वाटी तू उचलायचीस, मला हात लावू द्यायची नाहीस. पुढे कॉलेजात कुठला अभ्यास घेणार म्हणून सगळ्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस वाऱ्याचा, आणि तुझा बाप हसला होता. मी हसले नव्हते, हे लिहून ठेव.

आता त्या वीजघराच्या दोन चिमण्या बंद आहेत. तुला कोणी सांगितलं का? पूर्वी पांढरे शर्ट दोरीवर टाकले की तासाभरात राखाडी, परत धुवा. आता संध्याकाळपर्यंत लोंबत ठेवले तरी पांढरे. मी गल्लीत सगळ्यांना सांगते, हे माझ्या नातीच्या पंख्यांनी केलं. सगळं काही तू केलं नाहीस, मला कळतं, पण सांगायला काय जातंय.

म्हणून तर राग येतो गं. पंखा वाईट असता तर बोटं मोडून मोकळी झाले असते. चांगला आहे आणि माझ्या डोळ्यांवर बसलाय, याला काय करावं? आपलेच दात, आपलेच ओठ.

आणि त्या दिवसाचं मी अजून गिळलेलं नाही. आठव. कंपनीतून दोघे आले होते, फाईलवाला आणि त्याचा एक कारकून. घरोघर विचारत फिरत होते. तू तेव्हा याच कंपनीत, याच डोंगरावर. मी म्हटलं, नातीचे साहेब आले. धुतलेली चादर काढली, चहा केला, बशीत बिस्किटं मांडली. फाईलवाला म्हणाला, "आजी, पंख्याचा काही त्रास?" आता पाहुणा दारात बसलाय, हातात आपला चहा आहे, त्याला काय तोंडावर म्हणायचं, हो बाबा, तू आलास तोच त्रास? म्हटलं, छे, त्रास कसला, चांगलाय की, वारा लागतो. हसले सगळे. असं आपण बोलतोच. पाय मोडलेला असला तरी "कसं चाललंय" म्हटल्यावर "मजेत" म्हणतो.

त्यानंतर आठ दिवसांनी तू आलीस. चपलासुद्धा काढल्या नाहीस. उंबऱ्यातूनच, "आजी, तू त्यांना काय सांगितलंस?" मला वाटलं, कोणीतरी माझ्या नावावर चहाडी केली, तुझ्या नोकरीला धक्का लागला. मी छाती काढून म्हटलं, "तुझ्या कंपनीबद्दल एक वाईट अक्षर बोलले नाही मी." तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं मी तुझ्या ताटात माती टाकली. पिशवी उचललीस आणि चालू लागलीस. तुझं नाव राखलं आणि वर ही बक्षिशी. मग मी ओरडले, जा, परत तोंड दाखवू नकोस. ओरडले, ते कबूल करते. पण मी ओरडायच्या आधी तू वळली होतीस, हेही कबूल कर.

तुझा बाप जेवून गेला. जाताना मशीनवर हात ठेवून म्हणाला, "याचं गिऱ्हाईक बघून ठेवतो." मी त्याच्या हातावर फूटपट्टी मारली. पन्नाशी उलटली त्याची, तरी हात मागे घेतला.

आजी

रविवार, २२ फेब्रुवारी

उत्तर नाही. पोस्टमनला रोज विचारते, तो आता मला पाहून रस्ता बदलतो.

तुला वाटत असेल आजी लिहून लिहून थकेल. थकणार नाही. शुक्रवारी सुई बोटात गेली, नखाखालून वर आली. बाकी काही नाही, पण शर्टावर डाग पडला, पांढऱ्या. मला स्वतःचा इतका राग आला की ते बोट तसंच फडक्यात गुंडाळलं आणि गिरणीवालीला हाक मारली. म्हटलं, गिरणी बंद कर, कंपनीच्या कचेरीत जायचंय. ती म्हणाली, "भांडायला?" मी म्हटलं, हो. तिने पट्टा काढला तो एका झटक्यात. पंधरा वर्षांत तिला इतकी चपळ मी पाहिली नव्हती.

कचेरी म्हणजे चार पत्र्यांची खोली, पण आत गारठा असा की माझे गुडघे बोलायला लागले. बाहेर वारा फुकटचा वाहतोय आणि आत वाऱ्याची कंपनी यंत्र लावून गार होतेय. टेबलामागे तोच फाईलवाला. थोडा जाड झालाय. मला ओळखलंन, उठून उभा राहिला. म्हणाला, "आजी, बसा, चहा मागवतो." म्हटलं, चहा नको. तुमच्या पेटीबद्दल बोलायला आलेय. माझ्या खिडकीची वेळ पेटीत का भरली नाही, आणि माझी नात तुमच्याच कंपनीत असून तिने हे आम्हाला का सांगितलं नाही, दोन्हीचं उत्तर द्या.

त्याने गिरणीवालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कपाटातून फाईल काढली. म्हणाला, "आजी, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

टिटवे, त्याने माझ्यासमोर एक कागद ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. तुझं अक्षर मला लांबून ओळखू येतं, मुंग्या मयतीला निघाल्यासारख्या तुझ्या ओळी खाली खाली जातात. मी एकेक अक्षर जोडत वाचलं. "माझी आजी हाताने काजं करते." पहिलंच वाक्य. "सात क्रमांकाच्या पंख्याची सावली तिच्या खिडकीत पडते." पुढे वेळ, तारखा, किती मिनिटं, सगळं. पहिला अर्ज दोन वर्षांपूर्वीचा. दुसरा तू लांब गेल्यावरचा. तिसरा गेल्या ऑक्टोबरचा. तिकडे बसून तुला सावलीचे दिवस आठवले होते.

प्रत्येक अर्जाखाली एकच शेरा. मला लागेना म्हणून फाईलवाल्याला म्हटलं, मोठ्याने वाचा. नको म्हणत होता. म्हटलं, वाचा. त्याने वाचलं, "संबंधित महिलेस समक्ष विचारले. कोणताही त्रास नसल्याचे तिने आनंदाने सांगितले. स्वाक्षरी सोबत." आणि सोबत माझी सही. तीच, तू शिकवलेली, शेवटी शेपूट ओढलेली. त्या दिवशी चहाचे कप उचलताना त्या कारकुनाने पुढे केलेल्या कागदावर मी केली होती. तुला लिहिलेल्या मागच्या पत्रात मी ही सही गाळली. विसरले नव्हते. वाटलं, त्यात काय सांगायचं.

पहिल्या अर्जावर तांबड्या शाईत आणखी एक ओळ होती. "अर्जदार कर्मचारी. तक्रार निराधार. समज द्यावी."

"समज म्हणजे?" मी विचारलं.

फाईलवाला पेनाचं टोपण लावत-काढत राहिला. म्हणाला, "साहेबांसमोर बोलावलं होतं. सगळ्यांसमोर सही दाखवली. मग बदली झाली."

म्हणजे मी तुला दहा माणसांत खोटं पाडलं. बशीत बिस्किटं मांडून.

गिरणीवाली एरवी शिंकेलाही टाळ्या वाजवते, ती पूर्ण वाट माझा हात धरून चालली. घरी येईपर्यंत मला स्वतःचा राग होता. पण स्वतःचा राग फार वेळ पुरत नाही, म्हणून पायऱ्या चढताना तो परत तुझ्यावर आला, आणि तो असा. तू त्या दिवशी उंबऱ्यात "काय सांगितलंस" एवढंच विचारलंस. का नाही बसून बोललीस? का नाही म्हणालीस, म्हातारे, तुझ्या गोडबोलेपणाने माझं तोंड काळं झालं? दोन शिव्या दिल्या असत्यास तर मी चार दिल्या असत्या, संध्याकाळपर्यंत दोघी रडून जेवलो असतो. दोन वर्षं मी तुझ्या नावाने खडे फोडतेय आणि तू तिकडून मुकाट्याने माझ्यासाठी अर्ज करतेयस. असं कोणी भांडतं का? ही भांडायची रीत तू कोणाकडून शिकलीस? माझ्याकडून तर नाही.

की माझ्याकडूनच? पाहुण्याला दुखवायचं नाही. घरच्यांनाच दुखवायचं. तू मला तोंडावर एवढंही बोलली नाहीस, म्हणजे मलाही पाहुणी मानलंस की काय.

हे लिहायला मला दोन दिवस लागले. बोट सुजलंय, म्हणून.

आजी

गुरुवार, ५ मार्च

ऐक आता. आज आले होते. सकाळी सव्वासातला. मी कचेरीत सांगून आले होते की, यायचं तर सावलीच्या वेळी या, नाहीतर येऊ नका, उंटावरून शेळ्या हाकायचं बंद करा. पुढे फाईलवाला, मागे त्याचे मोठे साहेब, कडक इस्त्री, त्यांच्या मागे शिडीवाला. आणि त्या सगळ्यांच्या आधी कोण, ते मी लिहीत नाही, पिठाचा वास तुला तिकडे आला असेल.

काल रात्रभर मी मनाशी घोकत होते. चादर काढायची नाही. चहा करायचा नाही. "या, बसा" म्हणायचं नाही. तुला हसू येईल, पण माझ्या हाताला ते जमेना गं. सकाळी उठले ती सरळ कपच विसळायला लागले. मग कप परत ठेवले आणि गिरणीवालीला सांगितलं, माझा हात कपाटाकडे गेला तर चापट मार. तिने दोनदा मारली. दुसरी जरा जास्तच मारली.

साहेब आत आले. सवयीने खुर्ची शोधली. खोलीत एकच, माझी, खिडकीतली. म्हटलं, "तिथे बसा." बसले. सूर्य वर आला, सात नंबर जोरात होता, सावली आली. एक, दोन, तीन. मी त्यांच्या हातात सुई दिली, काळा दोरा दिला, म्हटलं, "ओवा."

"मी?"

"तुम्ही. डोळे तरणे आहेत तुमचे."

टिटवे, काय सांगू. दोऱ्याला थुंकी लावली. एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. सुई लांब धरली, जवळ धरली. सावली आली की हात थांबे, उजेड आला की घाई होई. इस्त्रीचा माणूस, पण कपाळावर घाम. शिडीवाला भिंतीकडे तोंड करून उभा, खांदे हलत होते. फाईलवाला फाईलमध्ये काहीतरी शोधत होता जे तिथे नव्हतं. मी घड्याळ लावलं नाही, पण गिरणीवालीने लावलं होतं. सहा मिनिटं. दोरा गेला नाही.

साहेबांनी सुई खाली ठेवली. थोडे चिडले होते. म्हणाले, "आजी, पण मागे तुम्हीच म्हणालात त्रास नाही. आमच्याकडे लिहून आहे."

"म्हणाले होते."

"मग खरं काय?"

आता बघ, सत्तर वर्षं दारात आलेल्या माणसाला मी कधी कडू बोलले नाही. आई म्हणायची, पाहुणा उठून गेल्यावर रडावं. पण तुझी ती तांबडी ओळ डोळ्यांसमोर आली. म्हटलं, "आहे. त्रास आहे. तेव्हाही होता. तेव्हा मी खोटं बोलले, माझी नात खरं बोलली. तिला तुम्ही दहा जणांत उभं केलंत, तसं आता मला उभं करा आणि हे लिहून घ्या."

साहेब म्हणाले, "आजी, रागावू नका."

म्हटलं, "का नको? मला मजा येतेय."

खरंच येत होती. अजून येतेय. हे लिहितानाही येतेय.

मग ते कामाला लागले. सावली मोजली, भिंतीवर खडूने रेघा मारल्या, कुठून येते, कुठे जाते. साहेब म्हणाले, एका पंख्याला थोडा वेळ थांबवलं तर फार बिघडत नाही, पण नियमाने करावं लागतं. एक दिवस पाती थांबवून बघायची, तेवढ्या वेळात माझं काज होतं का ते बघायचं, आणि मग पेटीत कायमची वेळ भरायची. मी म्हटलं, थांबवा, पण पाऊण तासाच्या वर एक मिनिट नाही. त्यांना कळेना. म्हटलं, माझ्या एका काजासाठी खालची चिमणी परत पेटायला नको. दुपारी, रात्री, वाटेल तेवढा फिरू दे. साहेब माझ्याकडे नीट बघायला लागले, तोवर बघत नव्हते.

मी फाईल मागितली. म्हटलं, तो शेरा खोडा. साहेब म्हणाले, असा खोडता येत नाही. नवा जबाब जोडायचा, आणि ज्याचा अर्ज आहे त्याने समोर असावं, म्हणजे त्याच दिवशी समज मागे घेतल्याचंही लिहिता येईल. "नातीला कळवाल?" म्हणाले. मी म्हटलं, ती माझ्याशी बोलत नाही. शिडीवाला म्हणाला, "तरी कळवा."

ते गेल्यावर गिरणीवाली म्हणाली, मावशी, चहा ठेवा आता, माझा घसा बसला. तिचा कशाने बसला विचारू नकोस. आम्ही दोघींनी कप भरभरून चहा घेतला. बशीत बिस्किटंही काढली.

शिंप्याला निरोप धाडलाय, महिनाअखेरपर्यंत थांब, यंत्राला घाई नको. तुझ्या बापाला अजून काही कळवलं नाही. मशीनचं गिऱ्हाईक शोधू दे दमेपर्यंत.

मी चुकले, हे मागे तिसऱ्या पत्रात लिहिलंय, परत लिहायला लावू नकोस. आणि तू चुकलीस तेही लिहिलंय. मी तोंड दाखवू नकोस म्हणाले होते, ते परत घ्यायला मला कोणाच्या जबाबाची गरज नाही, घेतलं. तरी ये असं मी म्हणत नाही. तुझी रजा, तुझे साहेब, तुझा राग, सगळं तुझं आहे. राग पुरता घेऊन आलीस तरी चालेल, मी माझा ठेवलाय थोडा.

पाती थांबवायला ते परत येणार आहेत. गुरुवारी, बारा तारखेला, सकाळी सातच्या आत.